गोमाळ उघडतं त्या सकाळी

बंगळूर मला पहिल्यांदा दिसलं ते अर्धवट झोपेत. सोलापूरहून निघून दिवसभर गाडीत बसल्यानं अंग आंबून गेलं होतं. खिडकीला डोकं टेकून डुलक्या काढत होते, मध्येच डोळे उघडले तर बाहेर दिवेच दिवे, आणि त्या दिव्यांच्या मधोमध काळोखाचे मोठाले तुकडे. समोरच्या बाईंना विचारलं, हे अंधारं काय आहे? "केरे," त्या म्हणाल्या, म्हणजे तळं. थोड्या वेळानं तसाच आणखी एक अंधार गेला, तेव्हा म्हणाल्या, "गोमाळ." त्याचा अर्थ काही त्यांना हिंदीत सांगता येईना. शेवटी त्यांनी मान खाली घालून गाय चरते तसं करून दाखवलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तेवढ्यात के. आर. पुरम आलं आणि माझी उतरायची धांदल उडाली.

स्टेशनवर माझी धाकटी बहीण सुनंदा न्यायला आली होती. तिचे यजमान इथे सरकारी संशोधन संस्थेत आहेत, त्यामुळे तिचं सगळं आयुष्य इथेच चाललंय. तिनं माझ्यासाठी भरगच्च कार्यक्रम आखून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी मला चिकपेटात नेलं. तिथल्या बोळांमधून साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं "स्वल्प, स्वल्प" (थोडं सरका) म्हणत अंगावरून जात होती. मला गर्दीत भोवळ आल्यासारखं होतं, म्हणून मी एका दुकानाच्या पायरीवर बसकण मारली आणि सुनंदानं एकटीनं खरेदी उरकली. "एवढ्या लांबून येऊन पायरीवर बसलीस होय," असं मग ती घरी पोचेपर्यंत ऐकवत राहिली.

खरा प्रवास सुरू झाला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, दारावरच्या बेलनं. दूध घेऊन आलेली बाई दारात उभी होती. पन्नाशीची, काटक, नऊवारी नव्हे पण तशीच घट्ट खोचलेली साडी. मी हिंदीची जुळवाजुळव करत होते, तर तीच म्हणाली, "पातेलं द्या की अक्का. आज अर्धंच हाय दूध." मी बघतच राहिले. सुनंदा आतून ओरडली, "अगं, यमुनाक्का मराठीच आहेत." कधीच्या काळी मराठ्यांच्या घोडदळाबरोबर इकडे आलेल्यांपैकी हे घराणं. शहराच्या कडेला एका खेड्यात शेती करून आहेत, आणि घरात अजून मराठी बोलतात. तिच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की दोन्ही वेगळी काढायची म्हटलं तरी निघायची नाहीत.

दूध अर्धं का, हे मी विचारलं, कारण चौकशा केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. यमुनाक्काकडे दोन गायी, तुंगा आणि चांदणी. तुंगा गाभण असल्यानं आटलेली, चांदणी दुधावर. गेल्या हंगामातली रागीच्या (नाचणीच्या) काडाची गंजी अवकाळी पावसात भिजली, आतून काळी पडली आणि निम्मी टाकून द्यावी लागली. उरलेली आता संपत आली होती. विकतची वैरण परवडत नाही, शेजाऱ्यांनी आधीच थोडी थोडी दिली होती आणि त्यांच्याही गंजी तळाला गेल्या होत्या. नवी रागी अजून शेतात उभी.

"बुधवारी गोमाळ उघडलं तर दोघी ऱ्हातील," ती म्हणाली. "न्हाई उघडलं तर तुंगाला इकावं लागंल. कोलारकडचा एक माणूस इचारून गेलाय."

गोमाळ हा शब्द पुन्हा आला. म्हणजे आपलं गायरान. मला राहवेना. "मी येऊ का बघायला?" असं विचारून बसले. यमुनाक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "येवा की. पण चप्पल असली नको." सुनंदानं कपाळाला हात लावला. लालबागचा बेत होता त्या दिवशी, तो बोंबलला.

मंगळवारी सकाळी मी निघाले. दोन बस बदलल्या, त्यातली एक चुकीची होती. कंडक्टरनं मला मध्येच उतरवलं आणि उलट्या बाजूला बोट दाखवलं. शेवटी एका ऑटोवाल्या अण्णानं गावाच्या वेशीपर्यंत सोडलं. वाटेत आधी काचेच्या इमारती होत्या, मग अर्ध्या बांधलेल्या इमारती, मग नुसत्याच कमानी. कमानीवर सोनेरी अक्षरांत वसाहतीचं नाव आणि आत काही नाही, फक्त आखलेले रस्ते आणि त्यावर बसलेले बगळे. पुढे अचानक रागीची शेतं लागली आणि ऑटोचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. आभाळ खाली आल्यासारखं होतं, ऊन असूनही कोवळं. उतरताना मला वाटलं की आपण अजून गाडीतल्या झोपेतच आहोत.

यमुनाक्काचं घर कौलारू, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला गोठा. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला, मुलगी लग्न होऊन तुमकूरला. घरात ती आणि दोन गायी. चांदणी कपाळावर पांढरी, अवखळ. माझ्या पदराला तोंड लावून तिनं माझी ओळख करून घेतली. तुंगा मात्र तपकिरी, जडशीळ पोटाची, शांत. तिचे डोळे असे की तिच्यासमोर आपण फार बडबड करतोय असं वाटावं. मी जरा वेळ खरंच गप्प बसले, सुनंदाला सांगून पटणार नाही.

जेवायला रागीची मुद्दे (उकडलेला उंडा) आणि पालेभाजीचं सारू (पातळ आमटी) होतं. मी मुद्देचा घास तोंडात टाकला आणि आपल्या सवयीनं चावायला लागले. तो टाळ्याला, दातांना, जिथे जागा मिळेल तिथे चिकटला. यमुनाक्का हसून हसून लाल झाली. "चावायचं न्हाई अक्का, गिळायचं." गिळायला लागले तशी चव कळली. मातीतून नुकतं काहीतरी उगवल्यासारखी, आणि पोटात गेल्यावर ऊब. पुन्हा मागून घेतली, लाज सोडून.

जेवता जेवता तिनं गोमाळाची सगळी हकीकत सांगितली. आसपासच्या तीन गावांचं हे एकच कुरण. आधी ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो गुरं सोडायचा. मेंढ्या, म्हशी, गायी, सगळी एकदम. कुणी थांबायला तयार नसे, कारण आपण थांबलो तर दुसऱ्याची गुरं खाणार. होता होता जमीन उघडी पडली, घाणेरीची झुडपं माजली, आणि मोटारीतून माणसं येऊन ती जागा बघून जायला लागली. "गवत नसलं की लोक त्याला मोकळी जागा म्हणतात," ती म्हणाली. मग तीन गावांचे तीन गट झाले. सगळ्यांनी मिळून घाणेरी उपटली. कुरणाचे चार तुकडे केले, हद्दीला चुन्यानं रंगवलेले दगड मांडले. एका वेळी एकच तुकडा चरायचा, बाकीचे विसावा घेणार. चरलेला तुकडा संपला की पुढचा तयार होईपर्यंत गुरं घरच्या वैरणीवर. आधी गायी-म्हशी, त्यांच्या मागून मेंढ्या. राखण पाळीपाळीनं. पहिल्या वर्षी भांडणं झाली, एकाचं डोकंसुद्धा फुटलं. आता गवताचं बी पडतं, आणि पुढच्या वर्षी गवत आपलं आपण येतं.

"पण तुकडा उघडायचा कधी, ते कोण ठरवतं?" मी विचारलं.

"गाय ठरवती," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करते. चेष्टा नव्हती. उघडायच्या सकाळी तीनही गावांची गुरं हद्दीवर येऊन थांबतात. ज्या घराची पाळी असेल, त्या घरची एकच गाय आत सोडतात. ती दारातच थांबून मान खाली घालून चरत राहिली तर गवत दाट झालं. तोंड लावत लावत पुढे चालत गेली तर अजून विरळ आहे, बंद ठेवायचं. आणि निकाल बोलायचा तो गायीच्या मालकानंच. बाकी कुणी त्याच्याआधी शब्द काढायचा नाही, आणि तो बोलला की कुणी वाद घालायचा नाही. या खेपेला पाळी यमुनाक्काची होती. चांदणी खादाड, कुठेही तोंड घालते, म्हणून न्यायची ती तुंगाला.

मी मनातल्या मनात हुश्श केलं. म्हटलं, चला, सुटलो. उपाशी गाय काय, दिसेल तिथे थांबेल आणि चरेल.

ऊन उतरल्यावर यमुनाक्का गंजीकडे गेली. गंजी कसली, चार पेंढ्या उरलेल्या. दोन चांदणीला टाकल्या. उरलेल्या दोन्ही सोडून तिनं तुंगापुढे पसरल्या, वर कोंडा भिजवून ठेवला, आणि तुंगा खाऊन मान वळवेपर्यंत तिथेच उभी राहिली. मागे गंजीच्या जागी नुसता गोल राहिला होता, जमिनीचा फिकट गोल.

"अहो, सगळं आजच घातलंत?" मी न राहवून म्हणाले. "उद्या तिला भूक नको का?"

"भुकेली गाय न्यायची न्हाई गोमाळात," ती म्हणाली. "तसं ठरलंय. भरल्या पोटाची न्यायची."

"पण कोण बघायला येतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, जरा नवल वाटून. "कोण न्हाई येत बघाया," ती म्हणाली आणि हात झटकून आत गेली. मला झोप लागेपर्यंत स्वतःचाच राग येत होता आणि तिचाही. असं कुणी आपल्या हातानं आपलं नुकसान करून घेतं का?

सकाळी उजाडताना निघालो. धुकं इतकं होतं की पुढे चाललेल्या तुंगाची फक्त शेपटी दिसत होती आणि खुरांचा आवाज येत होता. वाट दोन वसाहतींच्या भिंतींमधून जाते. भिंतीपलीकडे कुणीतरी धावण्याचा व्यायाम करत होतं, बूट फरशीवर थपथप वाजत होते. डोक्यावरून विमान गेलं, तेही दिसलं नाही. मग भिंती संपल्या आणि पायांना गवत लागलं. मी चिखलात घसरले, सुनंदाची उसनी घेतलेली चप्पल तुटली, आणि पुढचं सगळं मी अनवाणी पाहिलं. दवानं तळवे गार पडले. आयुष्यात फार दिवसांनी पायांना काहीतरी कळत होतं.

हद्दीवर पोचलो तेव्हा आधी माणसं दिसलीच नाहीत. नुसता श्वासांचा आवाज, घंटांची किणकिण, शेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. धुकं हळूहळू वर सरकलं तशी पांढऱ्या दगडांच्या मागे उभी असलेली गुरं दिसायला लागली. किती होती सांगता येणार नाही, धुक्यात शेवट दिसत नव्हता. घोंगडी पांघरलेली माणसं, कानटोप्या घातलेल्या बायका. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पलीकडे राखून ठेवलेला तुकडा, दवानं रुपेरी झालेला, अगदी स्थिर. त्याच्याही पलीकडे खूप लांब उंच इमारतींची वरची टोकं धुक्यातून निघाली होती. मला ते सगळं खरं वाटेना. डोळे मिटले तर विरून जाईल, म्हणून मी डोळे मिटलेच नाहीत.

तीन गटांच्या वतीनं रंगप्पा अण्णा पुढे आले. पलीकडच्या गावचे मेंढपाळ, पांढऱ्या मिशा, खांद्यावर काठी. यमुनाक्काला त्यांनी विचारलं, "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) मला वाटलं तिला विचारतायत. तिनं तुंगाच्या पोटावर हात ठेवला आणि मान डोलावली. "सरी," (बरं) ते म्हणाले आणि त्यांनी दोन दगडांमधली बाभळीची फांदी ओढून बाजूला केली.

तुंगा आत गेली. दोन पावलं, चार पावलं. मान खाली. तिनं घास घेतला, चावला, मान वर केली आणि पुढे गेली. पुन्हा घास, पुन्हा पुढे. दवातून तिच्या मागे एक काळसर वाट उमटत चालली. मी मनात म्हणत होते, थांब ग बाई, थांब. आणि ती थांबली. मधल्या एका उंचवट्याजवळ थांबून तिनं मान खाली घातली, आणि बराच वेळ चरत राहिली.

सगळे यमुनाक्काकडे बघायला लागले. तिची गंजी संपली आहे हे त्या तिन्ही गावांत कुणाला माहीत नव्हतं असं नाही. कोलारचा माणूस येऊन गेला तेही माहीत होतं. रंगप्पा अण्णांनी तर मान दुसरीकडे वळवली, काठीनं उगाच दगडावरचा चुना खरवडत राहिले. ती जे म्हणेल ते सगळे मान्य करणार होते. तिनं फक्त एकदा 'सरी' म्हणायचं होतं. मला तो शब्द येत होता, माझ्या अगदी जिभेवर होता.

तुंगानं मान वर केली आणि पुन्हा चालायला लागली. आता न थांबता, घास घेत, सोडत, पार पलीकडच्या दगडांपर्यंत.

यमुनाक्का म्हणाली, "इन्नू आगिल्ला." (अजून झालं नाही.)

आवाज नेहमीसारखा, दारात "पातेलं द्या" म्हणताना होता तसाच. रंगप्पा अण्णांनी फांदी पुन्हा आडवी टाकली आणि पदर सावरत असलेल्या तिच्यासमोर क्षणभर उभे राहिले. मग गुरं वळली. धुक्यातून आली तशी धुक्यात गेली, घंटा वाजवत, तीन दिशांना. बघता बघता तिथे आम्ही दोघीच राहिलो आणि तुंगा.

परतीच्या वाटेवर माझा बांध फुटला. "थांबली होती ना ती? सगळ्यांनी पाहिलं. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? तुमची गाय वाचली असती." मी बरंच काही बोलले. तिच्या गायीसाठी मी तिलाच झापत होते, हे मला मागाहून कळलं.

ती ऐकत चालली होती. भिंतीपाशी आल्यावर म्हणाली, "फुडल्या खेपेला पाळी दुसऱ्याची अक्का. त्याचीबी गंजी संपलेली आसंल. मग मी त्याला काय म्हणू?" थोडं चालून पुन्हा म्हणाली, "आता गुरं घातली तर बी पडायचं न्हाई. मग फुडल्या वर्षी तुंगाला ठिवून तरी काय घालू?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचीही तिला गडबड नव्हती. तुंगा आमच्या मध्ये चालत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दवानं ओली, गरम पाठ. घर येईपर्यंत मी तो हात काढला नाही.

सुनंदाकडे परतल्यावर चार दिवस मी काही कामाची नव्हते. तिनं लालबाग दाखवली, मी पाहिली. फुलं सुंदर होती, नाही म्हणणार नाही. पण हिरवळीवर 'चालू नये' अशी पाटी दिसली की मला ती अंधुक सकाळ आणि तिथे पाटीशिवाय थांबलेली तीन गावं आठवत. मग गाडी पकडली आणि सोलापूरला आले. घरी सगळ्यांनी विचारलं, काय पाहिलंस बंगळूरला? मी म्हटलं, बंद कुरण. लोकांना वाटलं, हिला नेहमीप्रमाणे काहीतरी भलतंच आवडलं. मी समजावत बसले नाही. पोट भरल्यावरच खरं बोलता येतं असं मी आजवर समजत होते. गंजी संपलेली बाई खरं बोलताना पाहिल्यावर ती समजूत काही टिकली नाही.

दिवाळीच्या आगेमागे सुनंदाच्या फोनवरून यमुनाक्का बोलली. कोलारचा माणूस चांगला निघाला, ती म्हणाली, तुंगाला टेंपोत चढवताना त्यानं मारलं नाही. त्यानंतर गोमाळ उघडलं. तुकडा उघडेपर्यंत पाळी त्याच घराची राहते, म्हणून गाय पुन्हा तिचीच होती. चांदणीला न्यावं लागलं, दुसरी होतीच कुठे? तिलाही आदल्या दिवशी पोटभर घातलं, रंगप्पा अण्णांच्या घरून भारा आला होता. चांदणी दारातून आत गेली आणि तिथेच थांबली. गवत इतकं, की तिचे गुडघे दिसेनात. खूप वेळ झाला तरी मान वर करेना, तेव्हा यमुनाक्का 'सरी' म्हणाली आणि तिन्ही गावांची गुरं एकदम आत शिरली. दूध आता पातेलंभर येतं, सुनंदा मागून सांगत होती.

"बरं वाटलं ऐकून," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"व्हय अक्का," ती म्हणाली. मग आपणहून म्हणाली, "सांजच्याला समदे आपापल्या गुरांना हाका मारत होते. मीबी मारली. दोघींची नावं घेतली. चांदणी आली. मग मी स्वल्प वेळ तिथंच उभी ऱ्हायली."